मोडलेला दाता

पानिपत हा शब्द मराठी भाषेत इतका मुरला आहे की त्या नावाचे एक जितेजागते शहर आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे निवडणुकीत पानिपत होते, परीक्षेत होते आणि क्रिकेटच्या सामन्यातही होते. विश्वास कोठे गेला असे विचारले तर तो पानिपतात गेला, हे उत्तर तयार असते. माझी बदली येथे झाल्याचे कळल्यावर पुण्याच्या मामांनी फोनवर पहिला प्रश्न केला, "अरे, सरकारला दुसरे गाव सापडले नाही का?"

वास्तविक हे दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे, सतत खडखडणारे कारखानदारीचे शहर आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी येथे बस्तान बसवले. आज घोंगड्या, ब्लँकेटे, सतरंज्या, पडदे आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत यांवर हे शहर चालते. काला अंब शहरापासून काही किलोमीटरवर आहे. तिसऱ्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी जेथून सैन्याचे नेतृत्व केले ती जागा एका आंब्याच्या झाडाने ओळखली जाई, अशी परंपरा आहे. झाडाची पाने गर्द, काळपट होती म्हणून काला अंब, असे काही सांगतात. रक्ताने भिजलेल्या मातीमुळे आंबा काळा झाला, असे लोककथा म्हणते. ते झाड आज नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ आहे. वाळलेल्या झाडाचे लाकूड पानिपतच्या पंडित सुगनचंद रईस यांनी विकत घेतले आणि पूरणसिंग नावाच्या कारागिराकडून त्याचे कोरीव दरवाजे करवून घेतले, असे सांगतात. ते दरवाजे पानिपतच्या संग्रहालयात पाहता येतात.

हे दरवाजे हातातील छिन्नीने कोरलेले आहेत. मी ज्या प्रसंगाविषयी लिहिणार आहे त्यातील कोरीवकाम यंत्राने केलेले, किंवा खरे सांगायचे तर यंत्राने बिघडवलेले आहे.

निवृत्तीनंतर काहीतरी हाताला काम हवे, म्हणून काही वर्षांपूर्वी मी संगणकावर चालणारे लाकूड कोरण्याचे एक लहान यंत्र घेतले. मेजावर मावेल एवढी पेटी. लाकडी फळी एका बाजूने आत शिरते आणि रबरी रोलरच्या पकडीत पुढे-मागे सरकते. वर एक डोके असते, ते आडवे फिरते आणि खाली-वर होते. त्या डोक्यात मिनिटाला हजारो फेरे घेणारे बारीक पाते, म्हणजे बिट, असते. संगणकावर अक्षरे काढावीत, यंत्राला आज्ञा द्यावी आणि चहा घेत बसावे, अशी माझी कल्पना होती.

गेल्या डिसेंबरात दिल्ली आणि गुरुग्राममधील काही मराठी कुटुंबांचा निरोप आला. ही मंडळी दरवर्षी १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन काला अंबला येतात. त्यांना आपल्या सभागृहात लावण्यासाठी एक लाकडी फलक हवा होता. मजकूर साधा होता: 'काला अंब. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. बुधवार, १४ जानेवारी १७६१.' लाकूड अर्थातच आंब्याचे हवे होते. मी आनंदाने होकार दिला.

पहिले बिट 'शुद्ध'मधल्या 'द्ध'पाशी मोडले. दीड मिलिमीटर टोकाचे ते नाजूक पाते. जोडाक्षराच्या गाठीत अडकले असेल, असे समजून मी नवे लावले. दुसरे 'अष्टमी'मधल्या 'ष्ट'पाशी मोडले. माल हलका निघाला म्हणून मी दुकानदाराला मनातल्या मनात दोष दिला आणि महागातले बिट आणले. तेही मोडले. त्या वेळी मी यंत्राजवळ नव्हतो. पाते मोडले आहे हे यंत्राला कळलेच नाही. ते पुढची वीस मिनिटे हवेतच अक्षरे कोरत राहिले, आणि मी परत आलो तेव्हा पडद्यावर 'काम १०० टक्के पूर्ण' असा संदेश झळकत होता. तीस वर्षे प्रगती अहवाल वाचणाऱ्या माणसाला तो संदेश ओळखीचा वाटला.

चौथ्या वेळी मी निर्वाणीचा उपाय केला. बारीक बिट काढून टाकले आणि तीन मिलिमीटरचे, आखूड, दणकट बिट बसवले. शिवाय वेग कमी केला आणि खोलीही बदलली. हे बिट मोडले नाही. मात्र पंधरा मिनिटांनी आतून कट-कट-कट असा आवाज आला आणि डोके वर उचलले जाणे थांबले. झाकण उघडून पाहिले, तर डोके खाली-वर करणाऱ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे सलग तीन दाते उडाले होते.

असे चाक दुकानात मिळण्यासारखे नव्हते. परंतु पानिपतमध्ये मागांची संख्या मोठी आहे आणि जेथे माग तेथे दातेरी चाके कापून देणारे लेथवाले असतातच. कार्यालयातील चालकाने मला अशाच एका कारखान्यात नेले. तेथील उस्ताद सत्तरीच्या घरातले होते. मी चाक पुढे केले. त्यांनी दाते मोजले, वीस भरले. व्यास मोजला, बावीस मिलिमीटर. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने व्यासाला भागले की दात्याचे माप मिळते. येथे ते एक आले. हे सारे अर्ध्या मिनिटात झाले. मग त्यांनी विचारले, "साहबजी, टूटे हुए दाँत कहाँ हैं?"

मी म्हणालो, झाडून टाकले.

"और टूटे हुए बिट?"

तेही टाकले होते. उस्तादांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी फाइल नष्ट करणाऱ्या कनिष्ठाकडे मी स्वतः अनेकदा त्याच नजरेने पाहिले आहे.

नवे चाक करून देण्यापूर्वी यंत्र आणि ती फळी पाहायची, असा त्यांचा आग्रह होता. संध्याकाळी ते घरी आले. पुढच्या तासाभरात त्यांनी मला जे शिकवले ते येथे क्रमाने नोंदवतो, कारण घरी असे यंत्र बाळगणाऱ्या वाचकांना त्याचा थेट उपयोग होईल. इतरांना कदाचित वेगळ्या प्रकारे होईल.

पहिली गोष्ट म्हणजे मोडलेला दाता वाचता आला पाहिजे. सगळे दाते सारखे झिजले असतील तर भार कायमच जास्त आहे किंवा वंगण आणि स्वच्छता नाही. दाते एकाच कडेने झिजले असतील तर दोन चाके एका रेषेत नाहीत, एक तिरके बसले आहे. बाकीचे दाते धडधाकट आणि मोजके दोन-तीनच उडाले असतील तर ती झीज नव्हे, तो घाव आहे. एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट ठिकाणी काहीतरी आदळले आहे. माझे चाक तिसऱ्या प्रकारचे होते.

दुसरी गोष्ट, बिट का मोडते याची कारणे ठरलेली आहेत आणि ती एकेक करून तपासता येतात. बिट धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, म्हणजे कॉलेटमध्ये, भुसा अडकला की पाते किंचित डगमगत फिरते. पाते गरजेपेक्षा जास्त बाहेर काढले की ते वाकते. लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो आणि जाडी निम्मी केली तर सोळापट. कार्बाइडचे पाते कठीण असते, पण ठिसूळही असते. वाकण्यापेक्षा मोडणे त्याला सोपे जाते. वेगाचाही हिशोब आहे. मिनिटाला १८,००० फेरे घेणारे दोन धारांचे पाते मिनिटाला १,८०० मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर प्रत्येक धार ०.०५ मिलिमीटर लाकूड काढते. मी घाबरून पुढे सरकण्याचा वेग एक चतुर्थांशावर आणला होता. त्यामुळे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१२५ मिलिमीटर आले. एवढ्या पातळ थरात धार लाकूड कापत नाही, घासते. तापते आणि बोथट होते. छिलके पडण्याऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागली की हे ओळखावे. हळू चालणे म्हणजे सुरक्षित चालणे नव्हे, हे सरकारी नोकराने यंत्राकडून शिकावे यात गंमत आहे.

तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, विचारली. "एक बार में एक चीज़ बदली थी या सब कुछ?" मी बिट, वेग आणि खोली तिन्ही एकदम बदलले होते. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आमच्या प्राध्यापकांनी 'अन्य परिस्थिती कायम असता' हे शब्द आमच्याकडून इतके घोकून घेतले होते की झोपेतही तोंडातून यावेत. घरी यंत्रासमोर ते मला एकदाही आठवले नाहीत.

यानंतर उस्तादांनी फळी हातात घेतली आणि स्टीलची पट्टी शिरोरेषेवर ठेवली. 'अ' आणि 'ष्ट' यांच्यामधल्या शिरोरेषेत केसाएवढी फट होती. मला ती दिसली नव्हती. दिसली असती तरी मी ती अक्षराच्या रचनेवर ढकलली असती. "लकड़ी सरकी है," ते म्हणाले. त्या एका वाक्यात सगळा उलगडा होता.

घडले होते ते असे. आंब्याची फळी मी डिसेंबरात आणली आणि व्हरांड्यात ठेवली. या दिवसांत पानिपतचे धुके दुपारपर्यंत हटत नाही. मुळातच पुरती न वाळलेली फळी आणखी ओलावली आणि पन्हळीसारखी वाकली. रोलर फक्त तिच्या कडांना टेकू लागले. रोलरच्या रबरावर भुशाचा गुळगुळीत थर बसला होता. फळीचे बाहेर आलेले टोक आधाराविना लोंबत होते, त्यामुळे आतले टोक उचलले जाई. परिणामी फळी अधूनमधून मिलिमीटरभर घसरे, पण यंत्राला ते कळत नसे. अशा लहान यंत्रांच्या मोटारी आज्ञेप्रमाणे पावले मोजतात. पाऊल खरोखर पडले की नाही हे तपासण्याची सोय त्यांत बहुधा नसते. यंत्राच्या हिशोबी जेथे खड्डा आधीच कोरलेला होता, तेथे प्रत्यक्षात अखंड लाकूड होते. मोकळी जागा समजून डोके वेगाने खाली येई आणि लाकडावर आदळे. बिट बारीक होते तोपर्यंत तो घाव ते स्वतःवर घेई आणि मोडे. मी दणकट बिट बसवले तेव्हा घाव वर गेला आणि चाकाचे दाते उडाले.

मी उस्तादांना म्हटले, आता हे चाक पोलादाचे करून द्या, म्हणजे कटकट मिटेल. त्यांनी नकार दिला. पोलादाचे चाक केले तर पुढचा घाव मोटारीवर किंवा दांड्यावर जाईल, हे त्यांनी सांगितले आणि उदाहरण शेतातले दिले. ट्रॅक्टरला जोडलेल्या रोटाव्हेटरमध्ये एक साधा बोल्ट असतो, पाते दगडावर आपटले तर तुटावा म्हणूनच बसवलेला. तो वारंवार तुटतो म्हणून शेतकरी वैतागून जास्त मजबूत बोल्ट घालतो. मग गिअरबॉक्स फुटतो. आपल्या घरांतून फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचा जो उद्योग चाले, त्याची ही बहीणच. उस्तादांनी नायलॉनचेच चाक कापले. मागावरही तेच असते, असे ते म्हणाले. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी योजना असते. थांबलेल्या मागाला नुसती गाठ मारून पुन्हा सुरू करणारा कामगार वेगळा आणि धागा का तुटला हे पाहणारा वेगळा.

ते गेल्यावर मी बराच वेळ यंत्रासमोर बसलो होतो. मनात मात्र यंत्र नव्हते, एक खुर्ची होती.

२००१च्या सुमारास महाराष्ट्रातील एका केंद्रीय कार्यालयात मी एका विभागाचा प्रमुख होतो. नागरिकांच्या दाव्यांचा निपटारा करणारी एक शाखा माझ्या हाताखाली होती. शाखेतील प्रकरणे साचत चालली होती. पहिले शाखाधिकारी सहा महिन्यांत दीर्घ रजेवर गेले. दुसऱ्यांनी बदली मागून घेतली. तिसरे माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, शांत, नेटके गृहस्थ होते. ते रात्री आठपर्यंत बसत. तरी ढीग कमी होईना. बैठकीत मला वरिष्ठांकडून बोल लागत आणि मी ते त्यांच्याकडे पोचवी. २००३-०४च्या त्यांच्या गोपनीय अहवालात मी 'चांगला' असा शेरा लिहिला. त्याआधीच्या वर्षांत त्यांना 'अतिशय चांगला' मिळत आले होते. माझ्या लेखी तो सौम्य शेरा होता. मी काही प्रतिकूल लिहिले नाही, असे समाधानही मी करून घेतले होते.

त्यानंतर मी चौथा, तरुण आणि धडाडीचा अधिकारी मागून घेतला. त्याने ढीग भराभर हलवला. तो सगळा ढीग शेजारच्या लेखा शाखेवर जाऊन आदळला. तेथे रकमांच्या चुका होऊ लागल्या आणि एका वृद्ध लेखापालाला ज्ञापन मिळाले. तेव्हा कोठे मी कागदांचा प्रवास पहिल्या टेबलापासून पाहायला बसलो. एकाच दाव्याची तीच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरून घेतली जात होती. तीन नमुन्यांत लहानशी तफावत निघाली की प्रकरण परत जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तीन नमुन्यांची सक्ती एका परिपत्रकाने केली होती. परिपत्रकावर सही माझी होती. ते मागे घेतल्यावर काही महिन्यांत शाखा रुळावर आली आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले.

तिसऱ्या अधिकाऱ्यांचा अहवाल मात्र तोपर्यंत वर जाऊन मंजूर झाला होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे केवळ प्रतिकूल शेराच कर्मचाऱ्याला कळवला जाई. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल समजला जात नसल्याने त्यांना तो कळलाच नाही. पुढच्या बढतीसाठी 'अतिशय चांगला' आवश्यक होता, आणि ती बढती त्यांना मिळाली नाही. २००८ मध्ये देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका असाच प्रश्न आला होता. तेथेही एका वर्षाच्या 'चांगला' या न कळवलेल्या शेऱ्यामुळे एका अभियंत्याची बढती हुकली होती. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला, आणि २००९ मध्ये केंद्र सरकारने अहवालाची पद्धत त्यानुसार बदलली. तो निकाल वाचताना मला माझे शाखाधिकारी आठवले होते. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. मी निकालाची प्रत फाइलला लावली आणि पुढच्या कामाला लागलो.

गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक डेमिंग आपल्या प्रशिक्षणवर्गांत मण्यांचा एक प्रयोग करून दाखवीत. पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल. प्रत्येक 'कामगाराने' पन्नास खळग्यांची पट्टी पेटीत बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. सरासरीने दहा लाल मणी येणारच. तरीही पर्यवेक्षक कमी लाल मणी आणणाऱ्याचा सत्कार करतो, जास्त आणणाऱ्याला दम भरतो आणि शेवटी काहींना कामावरून काढतो. पेटीत लाल मणी कोणी घातले, हे कोणी विचारत नाही. बहुसंख्य दोष व्यवस्थेत असतात, व्यक्तीत नव्हे, आणि व्यवस्था बदलणे हे व्यवस्थापनाचेच काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा प्रयोग मी स्वतः प्रशिक्षण संस्थांतून अनेकदा शिकवला आहे. शिकवणारा तो आचरतोच असे नाही.

याचा अर्थ व्यक्ती कधीच दोषी नसते असा मुळीच नाही. सदोष बिटही असतेच आणि कामचुकार कर्मचारीही असतो. पण त्याची कसोटी सोपी आहे. एका जागी एक बिट मोडले तर बिट पाहावे. त्याच जागी तीन मोडली तर जागा पाहावी.

पानिपतात राहून आणखी एक गोष्ट जाणवते. अडीचशेहून अधिक वर्षे आपण मराठी माणसे त्या पराभवाचा दोष कोणाचा हे ठरवत आहोत. कोणी भाऊंना धारेवर धरतो, कोणी होळकरांना, कोणी आणखी कोणाला. परंतु नोव्हेंबर १७६० पासून मराठ्यांची छावणी येथे अडकून पडली होती. अब्दाली यमुना ओलांडून दिल्ली आणि छावणी यांच्यामध्ये उभा होता. छावणीत सैन्याबरोबर यात्रेकरू, बायका, मुले आणि बाजारबुणगे असे न लढणारे हजारो जीव होते. रसद मिळवून देणारे आणि शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारीला रणांगणावर उतरलेले सैन्य उपाशी होते. त्या दिवशी कोणता दाता आधी मोडला, यावर वाद घालता येतो आणि तो घातला जातोही. भार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चढत होता.

फलकाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. उस्तादांच्या सांगण्यावरून मी दुसरी, भट्टीत वाळवलेली फळी आणली आणि ती दोन्ही बाजूंनी रंधून सपाट करून घेतली. रोलर ब्रशने साफ केले, कॉलेट काढून पुसला. फळीच्या दोन्ही टोकांना आधारासाठी स्टूल ठेवली. वेग मूळ हिशोबावर नेला. बिट तेच, दीड मिलिमीटरचे, बारीक. प्रत्येक शब्दानंतर यंत्र थांबवून शिरोरेषा पाहिली. चहा यंत्राशेजारीच उभे राहून घेतला. १२ जानेवारीच्या रात्री फलक पूर्ण झाला. 'द्ध' आणि 'ष्ट' दोन्ही नीट उतरले आणि बिट अजून शाबूत आहे.

१४ तारखेला काला अंबला दाट धुके होते. स्तंभ जवळ जाईपर्यंत दिसत नव्हता. मंडळींनी फलकाभोवती उभे राहून छायाचित्रे काढली, तिळगूळ वाटला. परदेशातून सुटीवर आलेल्या एका तरुणीने शिरोरेषेवरून बोट फिरवत विचारले, "काका, हे हाताने कोरलं आहे का?" मी खरे ते सांगितले.

त्या संध्याकाळी मी जुन्या सहकाऱ्यांकडून एक दूरध्वनी क्रमांक मिळवला आणि निवृत्त शाखाधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी आवाज लगेच ओळखला. मी त्यांना २००३-०४च्या शेऱ्याविषयी, परिपत्रकाविषयी आणि त्यानंतर मला काय कळले त्याविषयी सांगितले. बोलायला चार-पाच मिनिटे लागली. त्यांना ते सांगायला मला वीस वर्षे लागली होती.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "साहेब, मला कायम वाटत आलं की त्या वर्षी मीच कुठेतरी कमी पडलो. आमच्या हिलाही मी तसंच सांगितलं होतं."

मी क्षमा मागितली. त्यांनी विषय बदलून माझ्या निवृत्तीची तारीख विचारली आणि पानिपतला थंडी कशी आहे याची चौकशी केली. फोन ठेवण्यापूर्वी ते म्हणाले, "आता हिला सांगतो."

उस्तादांनी चाकाबरोबर जुने मोडके चाकही परत दिले होते. ते मी आता कार्यालयातील मेजावर ठेवले आहे. सध्या वार्षिक मूल्यमापन अहवाल लिहिण्याचे दिवस आहेत. त्यांतील एक अहवाल अशा खुर्चीवरच्या अधिकाऱ्याचा आहे, जिच्यावर गेल्या चार वर्षांत तिघे बदलले गेले. तो अहवाल मी अजून लिहिलेला नाही. आधी त्या टेबलावर येणारे कागद कोठून येतात ते पाहायला उद्या सकाळी खाली जाणार आहे.